डाळमिलचं स्थळ

आमची कंपनी बंद पडली नाही, उठून गेली. बंद पडली असती तर चार लोकांनी हळहळ तरी केली असती. ती चाकणहून यंत्रांसकट, कपाटांसकट, चहाच्या मशीनसकट तामिळनाडूतल्या होसूरला गेली आणि जाताना सांगून गेली, की ज्यांना यायचं असेल त्यांनी दिवाळीनंतर तिकडे हजर व्हावं. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. आलेला माल तपासून आत घ्यायचा, ज्याला लागेल त्याला द्यायचा आणि मधल्या मधे जो गायब होतो त्यावरून भांडायचं, एवढं माझं काम. भांडणाचा भाग मला विशेष चांगला जमायचा.

घर मात्र मालेगावला. नाशिककडचं मोठं मालेगाव नव्हे, आमचं वाशीम जिल्ह्यातलं. हे पुण्यात इतक्या वेळा सांगावं लागलं, की शेवटी मी 'अकोल्याकडचा' म्हणून मोकळा व्हायचो. बायको किन्हीराजाला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. लग्न ठरलं तेव्हा दोन्ही घरच्यांनी एकमताने ठरवलं होतं, की वर्ष-दोन वर्षांत काहीतरी होईल. बदलीची वाट पाहणं हा शिक्षकांचा जोडधंदाच असतो, तो तिने इमानदारीने केला. झालं काहीच नाही. मी दिवाळीला, पोळ्याला आणि जोडून सुट्ट्या आल्या की ट्रॅव्हल्सने यायचो आणि धुतलेले कपडे पुरते वाळायच्या आत परत निघायचो. तेवढ्यात मुलगी चौथीत गेली.

या वेळी पोळ्याला आलो तो सगळं सामान घेऊनच. मुलीने मला घर दाखवलं. साखरेचा डबा कुठे असतो, गिझरचं बटण उलटं कसं चालतं, मागच्या दाराची कडी कशी वर उचलून लावायची. माझंच घर, हप्ते माझ्याच पगारातून गेलेले, पण दाखवत ती होती आणि मी मान डोलावत होतो. संध्याकाळी शेजारची मैत्रीण खेळायला बोलवायला आली, तर ही दारातून तिला म्हणाली, "आज नाही येत. आमच्याकडं बाबा आले हायेत." मावशी आली आहे, आत्या आली आहे, हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात. मी आत बसून ते ऐकलं आणि मला फार वाईट वाटलं.

त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं. दिवाळीच्या आत इथेच, जिल्ह्यात कुठे काम मिळालं तर राहायचं. नाही मिळालं तर होसूर, आणि मग ही पोरगी दहावीला जाईपर्यंत मी पाहुणाच.

कामाला लागलो, म्हणजे मोबाईलला लागलो. नोकरीच्या साइटवर 'वाशीम' टाकलं की ती थोडा विचार करायची आणि मला नाशिक दाखवायची. 'जवळपासच्या नोकऱ्या' या सदरात एकदा नागपूर आलं, एकदा सुरत आलं आणि एकदा चक्क दुबई आली. मी पलंगावर पाय लांब करून दिवसभर अर्ज पाठवायचो. अर्ज पाठवून कंटाळा आला की स्वयंपाकघरातले डबे लावायचो. स्टोअरची सवय. आकाराप्रमाणे, झाकणं एका दिशेला, मागे जास्तीचा माल आणि पुढे रोजचा. बायको शाळेतून येऊन शोधायची.

"मिरचीची भुकटी कोठं हाय?"

"तिसऱ्या फळीवर, डावीकडून."

"मले स्वयंपाक कराचा हाय, गोडाऊन नाही चालवाचं," ती म्हणायची. मग जरा थांबून तिचा खरा प्रश्न यायचा. "चौकात कोनाले सांगतलं का तुमी? कोनाले विचारलं का?"

"काय विचारू? नोकरी द्या म्हणून दारोदार फिरू?"

वशिल्याची मला लहानपणापासून चीड. माझं म्हणणं होतं, आणि थोडंफार आजही आहे, की आमच्याकडे कोणी कोणाला नोकरी लावून दिली की तो आयुष्यभर चौकात तुमच्या खांद्यावर हात ठेवून पाहुण्यांना सांगतो, "याले मी लावला." माझा खांदा मला मोकळा हवा होता. बायकोने यावर वाद घातला नाही. ती साडी आणायला गेली.

नवरात्रात शाळेतल्या सगळ्या बाया रोज ठरलेल्या रंगाची साडी नेसतात, आणि राखाडी साडी कोणाकडेच नसते. ती घ्यायला ती बाजारातल्या कापडवाल्या शेठजींकडे गेली. आमच्या घरचा कपडा त्यांच्याकडचाच. जैन कुटुंब, तीन पिढ्यांचं दुकान, पांढरीशुभ्र गादी, चपला खाली काढून वर बसायचं. शेठजींनी साड्या उलगडता उलगडता विचारलं असेल, "साहेब यंदा लय दिवस राह्यले?" आणि हिने सगळं सांगून टाकलं. घरी येऊन मला म्हणाली, "शेठजींनी तुमाले बलावलं." साडी दाखवली नाही, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

या शेठजींबद्दल सांगायला हवं. ते कपडा विकतात हे खरं, पण तालुक्यात त्यांचं खरं नाव आहे ते लग्नं जमवण्यात. कुठल्याही जातीचं घर असो, लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं कपडा घ्यायला एकत्र त्यांच्या गादीवर येऊन बसतात. त्याला बस्ता म्हणतात. कोण कोणासाठी हात आखडतं, कोण रुसून बाहेर जाऊन बसतं, कोणाची आई कोणाला डोळ्याने दटावते, हे शेठजी थान उलगडताना पाहून घेतात. त्यामुळे कोणत्या गावात कोणतं घर कसं आहे ते त्यांना तोंडपाठ. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी किती जोड्या लावल्या ते त्यांनाही आठवत नाही, आणि त्याबद्दल कोणाचा एक रुमालही ते घेत नाहीत.

मी गेलो. त्यांनी मला गादीवर बसवलं, पाणी मागवलं.

"कायले लपून बसला घरात? नोकरी गेली, चोरी त नाही केली तू."

"पाहून राह्यलो न शेठजी, मोबाईलवर."

"मोबाईलवर आजकाल पोट्टे पोरीबी पाहतात. मंग सालभरानं मह्यापाशी येतात," शेठजी म्हणाले. "फिकर नको करू. एक स्थळ हाय. केनवडच्या अल्याड डाळमिल हाय एक. तुरीचा सिझन याच्या आंधी त्यायले स्टोअरचा मानूस पाह्यजे."

त्यांनी 'स्थळ' म्हटलं तेव्हा मी हसलो. ते हसले नाहीत. मी म्हटलं, "मंग नंबर द्या, आताच फोन करतो."

शेठजींनी कानाला हात लावला. "आपल्या बाजूनं आंधी फोन? पोरगी जड झाली का आपल्याले?"

बेचाळिशीचा मी, मिशीत पांढरे केस, आणि ही पोरगी म्हणजे मी.

मग त्यांनी मला त्यांची रीत समजावून सांगितली. आधी चौकशी. चौकशी घरच्यांकडे करायची नाही, शेजाऱ्याकडे करायची, आणि त्याहून बरं म्हणजे ते घर सोडून गेलेल्याकडे. चौकशी बरी निघाली की घर पाहायला जायचं, न सांगता. घर पटलं तरच गोष्ट काढायची. पगाराचं मोठ्यांनी बोलायचं, मुलीने नाही. "आन सध्या पितर चालू हायेत," ते म्हणाले. "पितरात स्थळ पाहात नसतात. घट बसू दे." स्वतः जैन, पण गिऱ्हाइकांचं पंचांग त्यांना पाठ. पितृपक्षामुळे नोकरीचा शोध थांबवलेला मी जगातला पहिलाच माणूस असेन.

मी घरी येऊन चिडचिड केली. बायको म्हणाली, "त्यायले करू द्या न त्यायच्या पद्धतीनं. तुमच्या पद्धतीनं दुबई आली."

घट बसले. दोन दिवसांनी दुपारी किन्हीराजाहून काका आले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. वडील गेल्यापासून आमच्या घरातलं मोठ्या माणसाचं काम ते करतात. अंगात कडक इस्त्रीचं पांढरं, डोक्यावर टोपी. मी समजलो, कोणाच्या तरी तेरवीला निघाले असतील.

"चाल रे बावा, केनवडले जाऊन येऊ. शेठजी गाडी घेऊन येऊन राह्यले."

"केनवडला काय?"

"बसून येऊ. चाल."

"शर्ट बदला," बायको आतून म्हणाली. मला कोणी शर्ट बदला म्हटलं की मी बदलत नाही. कंपनीने दिलेला जुना टी-शर्ट होता, पाठीवर मोठ्या अक्षरात 'सुरक्षा प्रथम'. तोच घालून, पायात स्लिपर, मी गाडीत मागे बसलो. कुठे चाललो आहोत हे मला मिलच्या फाटकाशी गाडी वळली तेव्हा कळलं. उतरून पळून जावं असं वाटलं, पण काकांनी आयुष्यभर चालत्या गाडीतून उतरणाऱ्यांना पकडलेलं आहे.

मिलचा मालक ऑफिसबाहेर खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशी उलटलेला, अंगाने भरलेला, चेहऱ्यावरून तापट. नवरात्राचे दिवस, गाडीतून पांढऱ्या कपड्यातली दोन वयस्क माणसं उतरली आणि मागून एक टी-शर्टवाला. तो तिथूनच ओरडला,

"वर्गणी देल्ली! कालबी देल्ली, परवाबी देल्ली. आता देवी सोता आली तरी नाही भेटनार!"

"वर्गणी नाही," शेठजी शांतपणे म्हणाले. "आमी घर पाहाले आलो."

"कोनाचं घर?"

"तुमचं."

"मह्या घरी लग्नाचं कोनी नाही बावा. पोरीचं झालं, पोट्टा अजून कालेजात हाय."

"पोराचं नाही. तुमालेच पाहाचं हाय."

मिलला लागूनच त्यांचं घर होतं. हा आवाज ऐकून मालकीणबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "कोनाले पाहाले आले म्हंता?" त्यांनी विचारलं. मालकाने बायकोकडे असं पाहिलं, की यात माझा काही हात नाही.

शेठजींनी मग खुर्चीवर बसून गोष्ट काढली. आमचा पोरगा आहे, स्टोअरचं काम जाणतो, पुण्याला होता, आता घरी राहायचं म्हणतो. तुम्हाला माणूस पाहिजे असं ऐकलं.

"म्हंजे मानूस लावाचा हाय," मालक सुटल्यासारखा म्हणाला. हे त्याच्या ओळखीचं होतं.

"लावाचा का नाही, ते पाहून ठरवू," शेठजी म्हणाले. "कामावर शिव्या देता का तुमी?"

मालकाने तोंड उघडलं, पण उत्तर त्याच्या बायकोने दिलं. "देतात. पन आईबहिनीवरून नाही देत."

"राग मनात ठेवतात का?"

"नाही. सकाळी चिडले त जेवाच्या येळेलोक इसरतात." बाई आता दाराला टेकून नीट उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या मुलीचं लग्न नुकतंच झालेलं, हे सगळे प्रश्न त्यांनी स्वतः दुसऱ्यांच्या घरी विचारलेले होते. त्यांना मजा येऊ लागली होती हे स्पष्ट दिसत होतं.

"मागचा मानूस काहून सोडून गेला?"

"तो सासुरवाडीले गेला," मालक म्हणाला. "रिसोडले दुकान टाकलं त्यानं."

"हाव," शेठजी म्हणाले. "त्यानंबी तेच सांगतलं."

मालक खुर्चीत सावरून बसला. म्हणजे हे लोक रिसोडला जाऊन विचारून आले होते. मलाही ते तेव्हाच कळलं. दुकान बंद ठेवून, सत्तरीचा माणूस, माझ्या नोकरीसाठी रिसोडला जाऊन आला होता आणि मला बोललाही नव्हता.

तेवढ्यात काका कुठूनतरी परत आले. कधी उठून गेले ते कोणाला कळलं नव्हतं. "पोते बराबर लावले हायेत," त्यांनी जाहीर केलं. "रिकाम्या पोत्यायचा बारदाना उघड्यावर हाय, पानी आलं त सडन. बोअरचं पानी जरासक खारं हाय. संडास साफ हाय." मग शेठजींच्या कानाशी वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "संडास साफ त मालक साफ."

"आन तो पोरगा कोठं हाय तुमचा?" मालकाने विचारलं.

दोघांनी माझ्याकडे बोट केलं. मालकाने मला स्लिपरपासून केसांपर्यंत पाहिलं. मी तोपर्यंत पार शिजून निघालो होतो. उभा राहिलो आणि जे तोंडात आलं ते बोललो. "मी यायले काही सांगतलं नव्हतं. मले वशिल्यानं नोकरी नाही पाह्यजे. तुमचा टाइम घेतला, माफ करा."

"बसा हो," मालक म्हणाला. "वशिला कायचा? वशिल्यानं आलेला मानूस हात जोडते. हे दोघं त मले नापास कराले बसले हायेत!" आणि तो पोट हलवत हसायला लागला. "आजलोक सारे आले ते आमच्या पोट्ट्याले ठेवून घ्या म्हनून आले. मले पाहाले कोनी आलं नव्हतं."

मी बसलो. त्याचं म्हणणं खरं होतं. दुपारपासून कोणीही माझ्यासाठी काही मागितलं नव्हतं. आपलं माणूस द्यायचं तर ते कुठे पडणार आहे, याची ही दोन म्हातारी माणसं ऊन डोक्यावर घेऊन चौकशी करत होती. पाठीवर 'सुरक्षा प्रथम' लिहिलेलं असताना रडणं बरं दिसत नाही, म्हणून मी पाणी प्यायलो. खरंच खारं होतं.

शेठजी सूर्य मावळायच्या आत जेवतात, त्यामुळे त्यांनी घड्याळ पाहिलं आणि उठले. मालक गाडीपर्यंत आला. "आता पाहाची पाळी आमची," तो म्हणाला. "आमीबी मानूस पाहूनच घेतो."

"जरूर या," शेठजी म्हणाले. "पन सांगून नका येऊ."

परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर चर्चा झाली. मानूस तापट हाय, पन बाई समजदार हाय. घर खात्यापित्याचं हाय. मागे बसलेल्या पोरीला कोणी काही विचारलं नाही.

त्यानंतर कोणी आलं नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला, माळा लागत गेल्या, अंगणात गाडी थांबल्यासारखी वाटली की मी उठायचो आणि दूधवाला निघायचा. इकडे होसूरहून फोन यायला लागले. येणार की नाही ते पक्कं सांगा, तुमची जागा दुसऱ्याला द्यायची का? मी शेठजींकडे गेलो. म्हटलं, मीच एक फोन करून विचारतो.

"खबरदार," शेठजी म्हणाले. "घाई केली का भाव पडते."

त्यांचं ठीक होतं. मी घरी येऊन अकोल्याहून निघणाऱ्या गाडीचं तिकीट काढून टाकलं. रद्द करता येतं, असं स्वतःला सांगितलं. बायकोला दाखवलं तर तिने पाहिलं आणि काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना तिने माझ्या बॅगेची बिघडलेली चेन दुरुस्त करून आणली. ती बोलली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. त्या चालू झालेल्या चेनीकडे मला पाहवेना.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव घराबाहेर असतं. आपट्याची पानं घेऊन याच्या घरी, त्याच्या घरी, सोनं घ्या, सोनं द्या. वर्षभर ज्याचं तोंड पाहिलं नाही त्याच्या घरीही त्या दिवशी जाता येतं, कारण विचारायची सोयच नसते. काका किन्हीराजाहून आले होते. लोक येत होते, जात होते, चिवड्याच्या बशा फिरत होत्या. दिवे लागायच्या वेळेला दारात गाडी थांबली आणि मिलचे मालक आणि मालकीणबाई उतरले.

"इकडून चाललो होतो, म्हनलं सोनं देत जाव," मालक म्हणाला. केनवडकडचा माणूस सणाच्या संध्याकाळी मालेगावच्या आमच्या गल्लीतून सहज कसा चालला असेल, हे कोणी विचारलं नाही. काकांनी टोपी नीट केली. मी या वेळी इस्त्रीचा शर्ट घातलेला होता, पण ते कोणी पाहिलं असं वाटलं नाही.

मालक बसला. बाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. तिथून आवाज आला, "बाई, काय डबे लावले हो!"

"ते यायनं लावले," माझी बायको म्हणाली.

"घरात मदत करतात?"

"करतात. मंग मले काही सापडत नाही."

दोघी हसल्या. बाहेर मालक इकडची तिकडची बोलत होता. सोयाबीन निघालं का, रस्त्याचं काम कुठवर आलं. माझ्याशी तो जवळजवळ बोललाच नाही. बोलता बोलता त्याचं लक्ष मुलीकडे गेलं. ती पलंगाच्या कडेला बसून आपट्याच्या पानांच्या जुड्या बांधत होती. पाहायला आलेली माणसं लहान मुलांना विचारतात, कारण घरातली मोठी माणसं ठरवून बोलतात आणि मुलं ठरवत नाहीत. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. काका एकदम खोकले.

"काय व बाई," मालकाने तिला विचारलं, "तुहे बाबा कसे हायेत? चिडतात का लय?"

तिने जुडी मांडीवर ठेवली आणि खरोखर विचार केला. माझ्याकडे एकदा पाहिलं, जसं गणिताच्या फळ्याकडे पाहतात तसं.

"मले अजून नाही म्हाईत," ती म्हणाली. "ते आत्ताच आले. थोडे दिवस राहू द्या त्यायले, मंग सांगीन."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. मला तिचा राग आला नाही, लाजही वाटली नाही. मला फक्त उमगलं, की या पोरीला माझ्याबद्दल सांगायला खरंच काही नाही. स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. मालकीणबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"झालं का पाहून?" त्या म्हणाल्या.

मालकाने घसा साफ केला. तो माझ्याशी बोलला नाही, काकांशीही नाही. मुलीला म्हणाला, "बरं व बाई. राहू देतो त्यायले. तू नीट पाहून घे, मंग मले सांगजो." मग काकांकडे वळला. "पगाराचं बोलू का आपन?"

काकांनी टोपी घातली, मांडी ठोकून बसले आणि मला म्हणाले, "तू आत जाय."

मी आत गेलो. खरंच गेलो. बैठकीत माझ्या पगाराचं बोलणं चाललं होतं आणि मी ओट्यापाशी उभा होतो. बायकोने पाठ फिरवलेली होती आणि चहाचं पातेलं उगाच ढवळत होती. तिने पदराने नाक पुसलं आणि मागे न वळता म्हणाली, "आंधी ते तिकीट रद्द करा."

मी सोमवारी कामाला लागलो. पहिल्या आठवड्यात बारदाना छताखाली घेतला, त्यावरून मालकाशी पहिलं भांडण झालं आणि जेवायच्या वेळेपर्यंत तो ते विसरला, म्हणजे मालकीणबाई खरं बोलल्या होत्या. काका मात्र त्या बारदान्याचं श्रेय स्वतः घेतात. एकूण श्रेय पुष्कळांनी घेतलं आहे. चौकातला सलूनवाला सांगतो, शेठजींच्या कानावर पहिल्यांदा त्याने घातलं. रिसोडचा दुकानवाला म्हणतो, आपण चांगलं बोललो म्हणून जमलं. बायकोच्या शाळेत तर ठाम समज आहे, की राखाडी साडीने काम केलं. सगळे माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगतात आणि मी सगळ्यांना हो म्हणतो. शेठजी तेवढे काही बोलत नाहीत. मी गेलो की पाणी मागवतात आणि विचारतात, "बराबर वागवतात न?" दिल्या घरी पोरगी सुखात आहे का, असं विचारावं तसं, आणि मी मान खाली घालून हो म्हणतो.

मिलमधून घरी पोचायला दिवेलागण होते. पहिले काही दिवस मुलगी गाडीचा आवाज ऐकून पाण्याचा ग्लास घेऊन दारात यायची, दोन्ही हातांनी धरून, सांडू न देता. मी तो घ्यायचो आणि तिला थँक्यू म्हणायचो. मग तुरीचा सिझन सुरू झाला, यायला उशीर व्हायला लागला, अंगावर डाळीचा भुसा घेऊन मी यायचो. अशाच एका संध्याकाळी दार ढकललं, तर ती जमिनीवर पालथी पडून महाराष्ट्राचा नकाशा रंगवत होती. उठली नाही. मान वर करून पाहिलंही नाही. पाणीबिणी काही नाही.

"बाबा," ती खडू घासता घासता वैतागून म्हणाली, "दार लावा न लवकर. डास येऊन राह्यले घरात."

मी चपला काढल्या, आत आलो आणि दार लावलं.